वल्लभसागराची सहल

कोजागिरीचे आटीव दूध झाले, दुसऱ्या दिवशी चंदनी पडव्याची सुरती घारी झाली, की सुरतेतील मराठी घरांत एक प्रश्न दर वर्षी ठरल्याप्रमाणे निघतो. दिवाळीच्या सुटीत मुलांना कोठे न्यावयाचे? डुमस अनेकवार झालेले असते, सापुताऱ्याला गर्दी असते, आणि खानदेशातील आजोळी जाऊन येण्याइतकी रजा सर्वांनाच मिळते असे नाही. अशा कुटुंबांसाठी या महिन्याच्या सदरात आम्ही उकाईच्या जलाशयाविषयी लिहीत आहो. जावे कसे आणि पाहावे काय, एवढे सांगूनही हा लेख संपविता आला असता. परंतु ज्या पाण्याकडे आपण सहलीला जातो त्याचा आपल्या घराच्या उंबरठ्याशी संबंध आहे, आणि तो संबंध जाणून गेलेल्या कुटुंबाची सहल निराळी होते, असा आमचा अनुभव आहे.

इच्छापोरला राहणाऱ्या आम्हां मंडळींना पाण्याचे काय कौतुक, असे पाहुण्यांना वाटते. एका बाजूस तापी, पश्चिमेस हजिरा आणि सुवाळीचा समुद्र. तथापि येथवर पोहोचलेली तापी ही दिवसातून दोन वेळा भरती-ओहोटीने चढणारी व उतरणारी, खारी आणि गढूळ नदी आहे. ओहोटीला काठाशी चिखल उघडा पडतो आणि लहान मुलांना घेऊन तेथे बसण्याची सोय नसते. शहरात गोपी तलाव आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी मलिक गोपीने बांधलेला हा तलाव पुढे दीर्घकाळ कोरडा पडला होता. महानगरपालिकेने गेल्या दशकात त्याला नवे रूप दिले. सायंकाळच्या दोन घटका घालविण्यास तो उत्तम. परंतु सकाळी निघावे, दुपारी झाडाखाली डबा उघडावा आणि दृष्टी पोहोचेल तेथवर गोड्या पाण्याचा विस्तार पाहावा, असे मनात असेल तर शंभराहून थोडे अधिक किलोमीटर पूर्वेकडे गेले पाहिजे.

वाट सोपी आहे. सुरत-धुळे राष्ट्रीय महामार्गाने बारडोली, व्यारा आणि सोनगड अशी गावे ओलांडीत जाता येते. ज्यांना आगगाडीची हौस आहे त्यांनी सुरत-भुसावळ मार्गावरील गाडी धरावी. एके काळी ताप्ती व्हॅली रेल्वे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मार्गावर उकाई सोनगड नावाचेच स्थानक आहे. वाटेत बारडोलीला १९२८ च्या सत्याग्रहाची कथा मुलांना सांगावी. सोनगडला मात्र मराठी कुटुंबाने थोडे थांबावेच. टेकडीवरील किल्ला पाहताना मुलांना हे कळू द्यावे की बडोदे हे गायकवाडांचे पहिले ठाणे नव्हे. पिलाजीराव गायकवाडांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे पाय रोवले आणि १७६६ पर्यंत गायकवाडांची राजधानी येथेच होती. किल्ल्याच्या माथ्यावरून पूर्वेकडे नजर टाकली म्हणजे, हवा स्वच्छ असल्यास, जलाशयाची निळी रेघ दिसते. सहलीचा आरंभ येथून करण्यात एक औचित्य आहे.

उकाईचे धरण १९७२ साली पूर्ण झाले. मातीचा बांध आणि दगडी सांडवा मिळून त्याची लांबी पाच किलोमीटरांच्या जवळपास भरते. सांडव्याला बावीस दरवाजे आहेत. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी ३४५ फुटांवर येते. त्या वेळी जलाशय पाच-सहाशे चौरस किलोमीटरांवर पसरलेला असतो. सरदार सरोवर झाल्यापासून गुजरातेतील जलाशयांत त्याचा क्रमांक दुसरा लागतो. सरदार वल्लभभाईंच्या स्मरणार्थ त्याला वल्लभसागर असे नाव आहे. धरणावरून पाहिले तर हा सागर एकसंध दिसत नाही. सातपुड्याच्या पायथ्याच्या टेकड्या त्यात बोटांसारख्या उतरल्या आहेत आणि पाणी त्या बोटांच्या मधून आत गेले आहे. धरणाच्या बाजूस जाण्यासाठी परवानगी लागते व छायाचित्रे घेण्यावर निर्बंध असतात, तेव्हा आधी चौकशी करावी. काठी बसावयाचे असल्यास थुटीसारख्या ठिकाणी जावे. तेथे जलाशयातील ताजी मासळी तळून मिळते. शाकाहारी मंडळींनी आपल्या दशम्या, तिळाची चटणी आणि भरीत घरूनच न्यावे. पौष महिना असेल तर वाटेत कोवळ्या ज्वारीचा पोंक मिळतो.

आता उंबरठ्याच्या संबंधाविषयी. तापी मध्य प्रदेशात मुलताई येथे उगम पावते आणि ७२४ किलोमीटरांचा प्रवास करून आमच्या दाराजवळून समुद्रास मिळते. तिच्या खोऱ्याचे एकूण क्षेत्र ६५,१४५ चौरस किलोमीटर आहे. त्यापैकी ५१,५०४ चौरस किलोमीटर महाराष्ट्रात आहे आणि गुजरातेच्या वाट्यास अवघे ३,८३७ येते. अमरावती, अकोला व बुलढाण्याकडील पाऊस पूर्णा नदी आणते. जळगाव, धुळे आणि नाशिकच्या उत्तर भागाचा पाऊस वाघूर, गिरणा व पांझरा घेऊन येतात. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या मूळ गावी छपरावरून गळलेले पाणीच उकाईला साठते. भुसावळजवळच्या हतनूर धरणाला एकेचाळीस दरवाजे आहेत. ते उघडल्याची बातमी आली की सुरतेतील खानदेशी घरांत दूरध्वनी वाजू लागतात, त्याचे कारण हेच. पोटापाण्यासाठी आपले वाडवडील ज्या वाटेने सुरतेस उतरले, त्याच वाटेने मागचे पाणीही उतरते. ते किती वेगाने उतरावे, हे उकाईला ठरते.

एका आषाढात आमच्या वसाहतीतील सात-आठ कुटुंबे मिळून तेथे गेलो होतो. पाऊस चांगला सुरू झाला होता, डोंगर हिरवे झाले होते आणि जलाशय तुडुंब असेल अशी सर्वांची कल्पना होती. प्रत्यक्षात पाणी काठापासून बरेच खाली होते. मध्ये ओल्या गाळाचा रुंद पट्टा आणि त्यावर चरणारी गुरे. बरोबरच्या एका सहावीतल्या मुलीने विचारले, "काका, एवढा पाऊस पडतो आहे, मग धरण रिकामे का ठेवले?" तिच्या वडिलांनी उत्तर दिले, "अजून भरायचे आहे, बाळा." मंडळींत एक निवृत्त अभियंता होते. ते म्हणाले, "भरायचे आहे हे खरे, पण आता भरायचे नाही, हेही खरे आहे." मुलीला ते कोडे वाटले आणि आमच्यातील पुष्कळ मोठ्या माणसांनाही वाटले. त्यांनी ते उलगडले ते येणेप्रमाणे.

धरणाच्या अंगी दोन परस्परविरुद्ध कामे आहेत. उन्हाळ्यात शेतीला, कारखान्यांना, विजेला आणि सुरतेच्या नळांना पाणी पुरवावयाचे तर पावसाळ्याच्या अखेरीस ते काठोकाठ भरलेले हवे. परंतु खानदेशात एकाएकी अतिवृष्टी झाली तर येणारा लोंढा पोटात घेण्यासाठी त्याच पावसाळ्यात त्यात रिकामी जागाही हवी. म्हणून प्रत्येक टप्प्यावर पाणी कोठवर चढू द्यावे याचे कोष्टक असते. उकाईच्या कोष्टकात १ जुलैला ३२१ फूट, १ ऑगस्टला ३३३ फूट आणि १ ऑक्टोबरला ३४५ फूट, अशा पायऱ्या आहेत. पावसाचा जोर ओसरत जातो तसतशी जागा भरू दिली जाते. आषाढात आम्हांस जो रिकामा पट्टा दिसला ती उणीव नव्हती. खाली वसलेल्या सुरतेसाठी राखून ठेवलेली ती जागा होती. सहलीला आलेल्या माणसाला भरलेले सरोवर सुंदर वाटते आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु इच्छापोरच्या माणसाला ऑगस्टमध्ये काठोकाठ भरलेली उकाई सुंदर वाटता कामा नये.

ही केवळ तर्काची गोष्ट नाही. धरण होण्यापूर्वी, ऑगस्ट १९६८ मध्ये तापीला जो महापूर आला त्याचा सर्वोच्च प्रवाह सुमारे पंधरा लाख क्युसेक होता, म्हणजे एका सेकंदाला पंधरा लाख घनफूट पाणी. धरण झाल्यावर असा प्रसंग पुन्हा येणार नाही, अशी समजूत लोकांनी करून घेतली. नदीच्या काठाने वस्ती पुढे सरकली, पात्रात गाळ साचला आणि पूर वाहून नेण्याची नदीची शक्ती घटली. १९९८ च्या सप्टेंबरात, जलाशय भरत आलेला असताना पूर आला आणि शहरात पाणी शिरले. त्यानंतर ऑगस्ट २००६. त्या महिन्याच्या आरंभीच जलाशय बराच भरलेला होता, वर खोऱ्यात अतिवृष्टी झाली आणि उकाईतून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडावे लागले. मुखाशी समुद्राची भरती होती. होप पुलाजवळ धोक्याची पातळी साडेनऊ मीटर मानली जाते. ती ओलांडून पाणी बारा मीटरांच्याही वर गेले. सुरत शहराचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला आणि हजिऱ्याकडील कारखानेही बंद पडले. रांदेर-अडाजणला राहणाऱ्या आमच्या आप्तांनी ते दिवस शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर, पिण्याचे पाणी भांड्याने मोजून काढले. खाली उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता, आणि लग्नातल्या पैठण्यांपासून मुलांच्या दाखल्यांपर्यंत सर्व काही त्या गाळात एक झाले होते. जी मुले तेव्हा कडेवर होती ती आता कमावती झाली आहेत. त्यांच्या मुलांना हे सांगावयाचे कोणी आणि कोठे? आमच्या मते जलाशयाच्या काठासारखी दुसरी जागा नाही.

तेथे सांगण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे आणि ती पाण्याखाली आहे. या जलाशयासाठी सुमारे १७० गावे बुडाली. त्यांत राहणारे लोक बहुतांशी गामित, वसावा, भिल्ल अशा आदिवासी समाजांचे होते. हा सारा मुलूख गुजरात आणि खानदेश यांच्या सांध्यावरचा आहे. १ मे १९६० रोजी द्विभाषिक मुंबई राज्याची विभागणी झाली तेव्हा पश्चिम खानदेशातील १५६ गावे गुजरातेत आली. निझर व उच्छल या बाजूची गावे त्यांतलीच. जलाशयाचे पाणी वरच्या अंगास महाराष्ट्रातील नवापूर तालुक्यापर्यंत जाते. राज्यांची सीमा बदलल्याला एक तप लोटते न लोटते तोच शेत, घर आणि गावदेव पाण्याखाली गेलेले लोक या काठावर आजही राहतात. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या जमिनीत ते गाळपेर करतात. आपल्याच वाडवडिलांच्या शेतात, वर्षातून काही महिने, पाणी परत येईपर्यंत. जलाशयात मासेमारी करणाऱ्या विस्थापितांच्या सहकारी संस्था आहेत, आणि अलीकडे पाण्यात पिंजरे सोडून मासे वाढविण्याचा उद्योगही तेथे सुरू झाला आहे.

तेव्हा सहलीला गेलेल्यांनी या लोकांच्या घरी पाहुणे आल्याच्या भावनेने वागावे, एवढे आमचे मागणे आहे. गाळाच्या पट्ट्यातून मोटार नेऊ नये. तेथे कोणाचे तरी पीक असते. मासे घ्यावयाचे तर घासाघीस बेताने करावी. पत्रावळी, कागदी पेले आणि प्लॅस्टिकच्या पिशव्या यांचे गाठोडे बांधून परत आणावे. जी वस्तू घरून भरलेली आली ती रिकामी झाल्यावर जड होत नाही. आपण काठावर जे टाकू ते श्रावणातील पाण्याबरोबर जलाशयात जाणार, आणि त्याच जलाशयाचे पाणी पुढे काकरापारच्या बंधाऱ्यावरून उतरून आपल्या सुरतेच्या नळांकडे येणार. स्वच्छतेचा उपदेश करण्याऐवजी मुलांना ही वाट नकाशावर बोटाने दाखविली तर ती अधिक लक्षात राहते, असे आम्ही पाहिले आहे.

शेवटची गोष्ट नौकेची. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांची नाव उलटली आणि बारा मुले व दोन शिक्षिका मृत्यू पावल्या. नावेत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगावर लाइफ जॅकेट नव्हते. तो तलाव शहराच्या आत होता, काठ हाकेच्या अंतरावर होता. उकाईचा जलाशय त्याहून कितीतरी पट विस्तीर्ण आहे आणि दुपारनंतर वारा सुटला की त्यावर लाटा उठतात. म्हणून नावेत बसण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. नाव किती माणसांची आहे ते विचारावे आणि त्याहून एकही अधिक बसू लागला तर आपण उतरावे. प्रत्येकाच्या, विशेषतः कडेवरील मुलाच्याही, अंगावर मापाचे लाइफ जॅकेट बांधलेले असावे. बाकाखाली ठेवलेल्या जॅकेटाचा उपयोग नाही. आणि ढग किंवा वारा दिसताच फेरीचा मोह सोडावा. "एवढ्या लांब आलो आहोत" हे वाक्य सहलीतील पुष्कळ अनर्थांचे मूळ असते. पोहणे तर या जलाशयात नकोच. काठ एकदम खोल उतरतो, तळाशी गाळ असतो आणि बुडालेल्या झाडांचे बुंधेही असतात. धरणाच्या खालच्या अंगास नदीचे पात्र कोरडे दिसले तरी तेथे उतरू नये. दरवाजे किंवा वीजघर सुरू झाले की पाणी थोड्या वेळात वाढते.

कोणत्या महिन्यात जावे, असे आम्हांस विचारतात. भरलेले पाणी पाहावयाचे असेल तर कार्तिकापासून पौषापर्यंत. हवा थंड असते, पाणी स्थिर असते, आणि तोवर जलाशय भरणे सर्वांच्याच हिताचे असते. परंतु आमची सूचना अशी की एकदा दिवाळीनंतर आणि एकदा आषाढात, अशा दोन सहली एकाच वर्षात कराव्यात आणि मुलांकडून दोन्ही वेळचा काठ वहीत काढून घ्यावा. जून ते सप्टेंबर वृत्तपत्रांत उकाईची पातळी आणि विसर्ग हे दोन आकडे येतात. पातळी किती फूट, आज कोष्टकात ती किती असावी आणि विसर्ग किती क्युसेक, एवढे वाचता येणारा मुलगा किंवा मुलगी प्रत्येक घरात असली पाहिजे. २००६ साली अनेक घरांना पाणी दाराशी येईपर्यंत हे आकडे काय सांगत होते ते कळले नव्हते. आज ते आकडे मिळणे सोपे झाले आहे. त्यांचा अर्थ कळणे मात्र घरातच शिकावे लागते.

इच्छापोरच्या त्या मुलीने नंतर आपल्या वहीत दोन रेघा काढल्या, एक ३३३ वर आणि एक ३४५ वर, आणि मधल्या जागेत "आमच्यासाठी" असे लिहिले. ती वही तिच्या आईने आम्हांस दाखविली. पुढील आषाढात आपण सहकुटुंब गेलात आणि पाणी काठापासून दूर दिसले, तर निराश न होता तेथेच सतरंजी अंथरावी, डबा उघडावा आणि जेवावयास बसावे.